सपाट गावाला गिअर कशाला?

“आपल्याकडं कुठं घाट लागून चाललाय? पोरीला गिअर कशाला पायजे?”

हा प्रश्न तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. विषय होता त्यांच्या नातीच्या, माझ्या पुतणीच्या सायकलचा. दहावी झाली, आता ती खुटबावहून रोज यवतला अकरावीला जाणार. तिनं मला मोबाइलवर गिअरची एक सायकल दाखवली होती आणि “काका, तुम्हीच सांगा आजोबांना” म्हणून काम माझ्यावर ढकललं होतं.

मी सांगायला गेलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडकलो. कारण हेच मी स्वतः चार वर्षं पुण्यात म्हणत होतो. शब्द जरा शहरी होते, एवढंच. ‘गिअर म्हणजे पळवाट’, ‘पायात दम नसेल त्यानं गिअर घ्यावा’, ‘खरी सायकल एकच, फिक्सी’. इन्स्टाग्रामवर माझ्या सायकलचे फोटो होते आणि त्याखाली घाम, जिद्द, साधेपणा असले शब्द होते. तात्यांनी एका वाक्यात माझी चार वर्षं माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी मी गप्प बसलो. हा लेख म्हणजे तेव्हा न सुचलेलं उत्तर आहे. ते तात्यांपेक्षा जास्त माझ्यासारख्यांना आहे.

*

ज्यांनी फिक्सी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या साध्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि टिक टिक टिक आवाज येतो. फिक्सीला हे फ्रीव्हील नसतं. मागचं दातेरी चक्र थेट चाकाला जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. थांबायचं तर पायांनी उलटा जोर लावायचा. उतारावर पाय मोकळे सोडायची सोय नाही.

यात मजा आहे, हे मी नाकारणार नाही. रस्ता तळव्यांना कळतो. सिग्नलला पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळता येतो. पुढे काय होणार हे वीस-तीस मीटर आधी ओळखायची सवय लागते, कारण ऐनवेळी थांबणं सोपं नसतं. शिवाय सुटे भाग कमी, बिघडण्यासारखं फार काही नाही. २०१२ मध्ये ‘प्रीमियम रश’ नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. त्यातला न्यूयॉर्कचा कुरिअरवाला ब्रेक नसलेल्या फिक्सीवरून ट्रॅफिकमधून सुसाट जातो. तो बघून फिक्सीच्या प्रेमात पडलेली पोरं मला पुण्यात भेटली आहेत. मी त्यांच्यातलाच.

माझ्या फिक्सीला पुढे ४४ दाते होते, मागे १६. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.८ मीटर पुढे जायची. लक्ष्मी रोडवर, डेक्कनला, कर्वे रस्त्यावर हे झकास चालतं. मग एका रविवारी गावी आल्यावर मी ती यवतच्या पुढे भुलेश्वरच्या घाटात नेली.

घाटात वेग ताशी आठ किलोमीटरवर आला. ५.८ मीटरच्या हिशेबानं मिनिटाला २३ फेऱ्या. सायकल चालवणाऱ्याला सोयीचा ताल साधारण ६० ते ९० फेऱ्यांचा असतो. २३ म्हणजे प्रत्येक पायडलला उभं राहून अंगाचं सगळं वजन टाकायचं, मग पुढचं पायडल. गुडघ्यात वाटीच्या खाली कुणीतरी अंगठा दाबतंय असं वाटत होतं. तरी चढलो. देवळापाशी फोटो काढला, टाकला, लाइक्स आले.

उतरताना जे झालं त्याचा फोटो नाही. ताशी ५० चा वेग आला तर या सायकलवर मिनिटाला १४४ फेऱ्या माराव्या लागतात. तेवढे पाय फिरत नाहीत, पायडलच पायांना फिरवतं. म्हणून मी अख्ख्या उतारावर पायांनी सायकल मागे ओढत आलो. भरलेली गाडी उतारावर बैल मानेनं थोपवतात, तसं. खाली आल्यावर पाय थरथरत होते. त्यानंतर दोन महिने जिना उतरताना मी कठडा धरत होतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. फिक्सीवाल्यानं गुडघ्याचं बोलायचं नसतं.

*

नोकरीचं काम घरूनच करायचं ठरलं आणि मी खुटबावला परत आलो. फिक्सी विकली आणि जुनी, तीन बाय सातची, म्हणजे २१ गिअरची हायब्रिड सायकल घेतली. मला वाटलं, यात शिकायचं काय? सायकल ती सायकल. पण मला नीट चालवायला तीन आठवडे लागले.

पहिली अडचण पाय थांबवायची. गावाबाहेर पडलं की थोडा उतार येतो. तिथं मी पाय थांबवले आणि घाबरलो. चार वर्षांत पहिल्यांदा पाय स्थिर होते आणि सायकल चालली होती. मागून टिक टिक आवाज. खरं सांगतो, मला अपराधी वाटलं. काही न करता पुढे जातोय, म्हणजे कुणाचं तरी फुकट खातोय. मी लगेच पुन्हा पायडल मारायला लागलो, गरज नसताना.

दुसरी अडचण जिवावर बेतली असती. कारखाने चालू होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला. सवयीनं मी पायांनी उलटा जोर लावला. फ्रीव्हील नुसतं उलटं फिरलं, सायकल तशीच पुढे. ब्रेकवर बोटं जाईपर्यंत ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची टोकं छातीपासून दोन हातांवर होती. त्या दिवशी कळलं की थांबण्याचं काम आता पायांकडून हातांकडे गेलंय आणि हे पायांना कुणीतरी सांगायला हवं. मग आठवडाभर मी रिकाम्या रस्त्यावर फक्त ब्रेक मारायचा सराव केला. फिक्सी सोडून गिअरवर येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच आहे. आधी मोकळ्या रस्त्यावर जा, वेग घ्या, पाय थांबवा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पन्नास वेळा करा.

तिसरी अडचण गिअर बदलायची वेळ. चढ लागला, पाय जड झाले की मी गिअर टाकायचो. चेन कडकड आवाज करायची, कधी उतरायची. फिक्सीवर चढ आला की जोर वाढवणं एवढंच माहीत असतं. गिअरच्या सायकलवर चढ यायच्या आधी गिअर उतरवायचा असतो, पायडलवरचा जोर क्षणभर हलका करून. म्हणजे पुढचं बघणं इथंही आहेच. फिक्सीवर ते थांबण्यासाठी लागतं, इथं चालत राहण्यासाठी.

चौथी गोष्ट गतिरोधक. फिक्सीवर गतिरोधकावरूनही पाय फिरतच राहतात. गिअरच्या सायकलवर दोन्ही पायडल समपातळीत धरून सीटवरून किंचित उठायचं आणि गुडघे सैल ठेवायचे. मी हे विसरायचो आणि दणका कंबरेत घ्यायचो.

तीन आठवड्यांनंतर एका सकाळी पुन्हा भुलेश्वरला गेलो. पुढे सगळ्यात लहान चक्र २८ दात्यांचं, मागे सगळ्यात मोठं ३४ चं. एका फेरीत साधारण पावणेदोन मीटर. त्याच आठच्या वेगाला मिनिटाला ७६ फेऱ्या. घाम तेवढाच आला, वेळही जवळपास तेवढाच लागला. वर पोचल्यावर गुडघ्यात काहीच झालं नव्हतं. उतरताना पाय थांबवले, ब्रेक अधूनमधून दाबले आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिथून खालचा मुलूख बघितला. यवतकडची हिरवी पट्टी, कालव्याकडचे ऊस, गुऱ्हाळांचे धूर. आधीच्या वेळी मी फक्त माझं पुढचं चाक बघितलं होतं.

*

आता मुद्द्यावर येतो. त्या उतारावर मला अपराधी का वाटलं?

कारण आपण सगळे एका शिकवणीत वाढलोय. जे अवघड ते चांगलं, जे सोपं ते संशयास्पद. ‘आमच्या वेळी अनवाणी शाळेत जायचो’ हे घरात ऐकायचं आणि ‘स्ट्रगल’ नावाच्या रील्स फोनवर बघायच्या. दोन्हींचा सूर एकच. ज्यानं जास्त सोसलं तो मोठा. यात सोसण्याचं कारण काय होतं, ते टाळता आलं असतं का, त्यातून मिळालं काय, हे कुणी विचारत नाही. फिक्सीची फॅशन याच शिकवणीची शहरी आवृत्ती आहे. तिला आपण ‘मिनिमलिझम’ म्हणतो. तात्या ‘कशाला पायजे’ म्हणतात.

ही शिकवण फक्त आपली नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू केली आंरी देग्रांज यांनी. ते स्वतः ट्रॅकवरचे सायकलपटू. १८९३ मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर तोडून त्यांनी विक्रम केला होता. गिअर बदलणारं डिरेलर त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्या मते शर्यत स्नायूंनी जिंकायची असते, यंत्राच्या युक्तीनं नाही. म्हणून त्यांनी टूरमध्ये डिरेलरला वर्षानुवर्षं मज्जाव केला. आल्प्स आणि पिरेनीजच्या पायथ्याशी खेळाडू उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूचं दातेरी चक्र चेनला लावायचे आणि मग चढायचे. माथ्यावर पुन्हा तेच. फ्रान्समधला हौशी सायकलस्वार त्या काळात गिअर वापरत होता आणि जगातले सर्वांत तगडे पाय मात्र नियमानं अडवलेले होते. देग्रांज बाजूला झाले, जॅक गोडे आले आणि १९३७ मध्ये डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षी रोजे लापेबी गिअर वापरूनच जिंकला. त्यानंतर टूर सोपी झाली असं कुणी म्हणत नाही. वेग वाढला, चढ वाढले, खेळाडू आजही घाटात कोसळतात.

आपल्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्यानं गिअर टाकला होता म्हणून कुणी त्याचा किताब काढून घेतलाय का?

आणि ज्याला आपण बंडखोर, कच्चं, अस्सल म्हणतो ती फिक्सी तर सगळ्यात जुनी आहे. फ्रीव्हील रुळलं ते १९०० च्या आसपास. त्याआधीच्या जवळपास सगळ्या सायकली फिक्सच होत्या. लोकांनी ती सोडली कारण उतारावर पाय तुटत होते. आपण तीच शंभर वर्षांनी जास्त पैसे देऊन विकत घेतो.

*

गिअरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की गिअर मेहनत वाचवतो. वाचवत नाही. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. हे वजन १०० मीटर उंच न्यायला साधारण ८३ किलोज्यूल ऊर्जा लागते. फिक्सीवरून न्या नाही तर २१ गिअरच्या सायकलवरून. रस्त्याचा आणि हवेचा विरोध आणखी वेगळा. या आकड्यात गिअर एक ज्यूलही कमी करत नाही.

गिअर फक्त वाटणी बदलतो. फिक्सीवर तेच काम थोड्या, प्रचंड जोराच्या फेऱ्यांत होतं. लहान गिअरवर ते सव्वातीनपट जास्त फेऱ्यांत होतं आणि प्रत्येक फेरीला लागणारा जोर तेवढ्याच पटीनं कमी. ज्वारीचं पोतं एकदम उचलायचं की पाटीनं वाहून न्यायचं, एवढाच प्रश्न. दोन्ही वेळा पोतं घरात येतं. पहिल्या वेळी कंबर जाते.

म्हणून ‘गिअर म्हणजे पळवाट’ हे मुळातच चुकीचं आहे. पळायला जागाच नाही, काम पूर्ण करावंच लागतं. गिअर तुमच्या गुडघ्याला एवढंच विचारतो की एका वेळी किती झेपेल. ज्याला हा प्रश्न अपमान वाटतो त्याला कामापेक्षा स्वतःच्या सोसण्याचं प्रदर्शन जास्त प्रिय आहे. माझं तसंच होतं.

*

पण तात्यांचा मुद्दा वेगळा होता. आपल्याकडं घाट कुठाय? खुटबाव, केडगाव, यवत हा सगळा भाग मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यातला, बऱ्यापैकी सपाट. भुलेश्वरला रोज कोण जातं? मग गिअर कशाला?

याचं उत्तर वारा.

खुटबावहून यवत पश्चिमेला आहे. जूनपासून पावसाळाभर पश्चिमेचं वारं जोरात वाहतं. कॉलेज सुरू होतं तेही जूनमध्येच. म्हणजे पोरगी निघणार ती वाऱ्याच्या तोंडावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि इथं मोजायचा तो वाऱ्यासकटचा वेग. ती ताशी १२ किलोमीटरनं चालली आहे आणि समोरून १८ चा वारा आहे असं धरा. हवेच्या हिशेबानं ती ३० च्या वेगानं चाललीय. ३० भागिले १२, त्याचा वर्ग, म्हणजे सव्वासहा. वारा पडलेल्या दिवसाच्या सव्वासहा पट हवेचा विरोध. शिवाय पाठीवर दप्तर, अंगावर फडफडणारी ओढणी किंवा रेनकोट.

हा घाटच आहे, फक्त दिसत नाही. आणि घाटाला माथा असतो, याला नाही. घरापासून कॉलेजच्या दारापर्यंत सगळा चढ.

अशा वेळी आपली साधी काळी सायकल काय करते? तिला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले तर एका फेरीत साधारण साडेपाच मीटर. वाऱ्यात वेग ताशी १० वर आला की मिनिटाला तीसेक फेऱ्या. माझ्या भुलेश्वरच्या २३ पासून फार लांब नाही. फरक एवढाच की मी ते एका रविवारी केलं आणि फोटो टाकला. ती ते वर्षातले निम्मे दिवस करणार आणि त्याला कुणी जिद्द म्हणणार नाही. शाळेत जाते म्हणतील.

नेदरलँड्स हा देश आपल्या दौंडपेक्षाही सपाट. तरी तिथं रोजच्या वापराच्या पुष्कळ सायकलींना गिअर असतात. कारण तिथं समुद्रावरचं वारं आहे आणि शाळेच्या पोरांपासून आज्जीपर्यंत सगळे त्यात सायकल चालवतात. याच देशात २०१३ पासून एक गमतीची शर्यत भरते. वादळी वारा सुटेल असा अंदाज आला की मुहूर्त जाहीर होतो आणि ओस्टरस्खेल्डेच्या समुद्री बांधावर साडेआठ किलोमीटर थेट वाऱ्याविरुद्ध सायकल मारायची. सगळ्यांना एकसारख्या, बिनगिअरच्या सायकली आयोजकच देतात. लोक हसत हसत हाल करून घेतात. मला ही शर्यत फार आवडते, कारण तिथं सोसणं वर्षातून एकदा, मर्जीनं आणि करमणूक म्हणून आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तोच माणूस आपल्या गिअरच्या सायकलवर बसतो.

फिक्सीचंही तसंच. ट्रॅकवर तिला तोड नाही. जपानमध्ये १९४८ पासून कैरिनच्या शर्यती फिक्स सायकलवर होतात. आपल्याकडे बालेवाडीला वेलोड्रोम आहे. तिथं उसाची ट्रॉली नाही, घाट नाही, गतिरोधक नाही. ज्याला हौस आहे त्यानं जरूर चालवावी. माझं भांडण हौशीशी नाही. आपल्या हौशीला नीतिमत्ता समजून ती दुसऱ्याच्या गुडघ्यावर लादण्याशी आहे.

*

गिअरच्या विरोधातला एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो मिस्त्री लोकांचा आहे. गावाकडचा कुठलाही सायकल मिस्त्री सांगेल, “सगळं काढून टाका, सिंगल करून देतो. कटकटच नको.” तो आळशीपणानं बोलत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गिअरच्या सायकली बहुतेक स्वस्तातल्या असतात. नळीवर ‘२१ स्पीड’ असं मोठं स्टिकर, पण दुकानातून बाहेर पडतानाच गिअर नीट लावलेले नसतात. डिरेलरमध्ये माती आणि उसाचं पाचट अडकतं. सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलर ज्या पट्टीला टांगलेलं असतं ती वाकते आणि मग चेन स्पोकमध्ये जाते. पार्ट पुण्याहून आणायचा. तोवर पोरगं घरी. अशा अनुभवानंतर पालक सिंगलच घेणार, त्यांना दोष कसा द्यायचा?

पण यातून निघणारा निष्कर्ष ‘गिअर नको’ हा नाही. ट्रॅक्टर आला तेव्हाही गावात त्याचा मिस्त्री नव्हता. मोबाइल आला तेव्हा तो दुरुस्त करणारा नव्हता. आज चौकाचौकात आहे. डिरेलरला दोन मर्यादेचे स्क्रू असतात, एक चेनला स्पोककडे जाऊ देत नाही, दुसरा बाहेर पडू देत नाही. केबलच्या टोकाशी एक छोटी फिरकी असते, ती अर्धा आटा इकडेतिकडे केली की खडखड थांबते. एवढं एका दुपारी शिकता येतं. मी यूट्यूबवर बघून शिकलो, आता पुतणीला शिकवलंय. शिमानोची ठरावीक टप्प्यांवर खट्‌कन बसणारी गिअरपद्धत १९८४ ची आहे. चाळीस वर्षं उलटून गेली तरी तिला ‘नवीन झंझट’ म्हणणं आता शोभत नाही.

शिवाय ज्याला डिरेलरची धूळ नको त्याच्यासाठी याहून जुना उपाय आहे. मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर ही कंपनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून तीन गिअरचं हब बनवत आली. सगळी चक्रं चाकाच्या हबच्या आत, बंद. माती जात नाही, पाचट जात नाही, सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आपल्या तालुक्याच्या दुकानात दिसत नाही. कारण आपण ती कधी मागितलीच नाही. सपाट गावाला गिअर कशाला, असं आपणच म्हणत राहिलो.

*

तात्यांना मी हवेच्या वर्गाचा हिशेब सांगितला असता तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. शेवटी त्यांना पटलं ते त्यांच्याच गोष्टीतून. एका संध्याकाळी ते जुन्या विहिरीच्या मोटेबद्दल सांगत होते. मोटेच्या बैलांची धाव नेहमी उताराची असायची. विहिरीकडून लांब जाताना बैल उतारावरून चालायचे. पाण्यानं भरलेली मोट वर ओढायची तेव्हा बैलाचं स्वतःचं वजन त्याच्या मदतीला यायचं. रिकामा परत येताना तो चढ चढायचा.

मी विचारलं, “तात्या, धाव सपाट का नाही केली?”

“बैल मरंल की लेका.”

“मग बैलाला उतार दिला, तर पोरीला गिअर का नाय?”

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “आपला रोटी घाट.” एवढंच. पुढचं त्यांना सांगायची गरज नव्हती. दर वर्षी तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत पाटसवरून रोटी घाटात येते. तिथं रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. दिवेघाटात माउलींच्या रथालाही तेच. जादा जोडी आणि गिअर ही दोन वेगळी यंत्रं आहेत हे मलाही कळतं. जोडी ताकद वाढवते, गिअर जोर वाढवून वेग घटवतो. पण दोन्हींमागची समज एक आहे. चढ बदलला की जुंपणीही बदलायची. इतक्या वर्षांत एकाही वारकऱ्यानं त्या बैलांना कमजोर म्हटलेलं नाही.

ही समज आपल्याकडे बैलांसाठी पूर्वीपासून आहे. बायका-पोरींसाठी मात्र आपण ‘होतंय की सवयीनं’ म्हणतो. हंडा सवयीनं, चूल सवयीनं, आता सायकल सवयीनं.

सायकलनं पोरींचं काय होतं याचा पुरावा आहे. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. आणि बहुतेक परिणाम दिसला तो शाळा लांब असलेल्या गावांत. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. अंतर हाच अडथळा असेल तर वारा आणि चढ हे त्याच अंतराचे भाग आहेत. सायकल देताना एवढं मान्य केलंत, तर दोन पावलं पुढे जाऊन चेन कुठल्या दात्यांवर बसणार तेही विचारा.

पुतणीची सायकल आली. सात गिअरची, पुढे एकच चक्र, म्हणजे बिघडायला कमी. पहिल्या आठवड्यात ती माझ्या अगदी उलट चुका करत होती. सारखे गिअर बदलायची, गरज नसताना. मग जूनचं वारं सुटलं. पहिल्या दिवशी परत आल्यावर मी विचारलं, “कसं वाटलं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “गेले, आले.”

मला भुलेश्वरच्या फोटोखाली लिहिलेलं ते सगळं आठवलं. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं आणि ती लगेच अभ्यासाला बसली.